प्रौढांसाठी पदवीचे वर्ग काढताय? या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात तिशी-चाळिशीतल्यांसाठी बी.ए. सुरू होतं. प्रवेश धडाक्यात होतात आणि दिवाळीपर्यंत वर्गात चार-पाच डोकी उरतात. ‘यांना शिकायचंच नाही’ म्हणून स्टाफ मोकळा होतो. मला विचाराल तर आधी वेळापत्रक काढून बघा.

गोंदिया-भंडाऱ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. यवतमाळ-वाशीमकडे ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, ती संपते न संपते तोच कापूस वेचणी. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता, त्याआधी मोहफुलं. चाचणी नेमकी या दिवसांत ठेवली, तर मजुरी बुडवून कोण येईल? विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख आपल्या हातात नसते, कबूल. पण चाचणी, असाइनमेंट आणि तोंडी परीक्षा आपल्याच हातात असतात. या प्रत्येक गोष्टीसाठी दोन तारखा द्या.

रविवारचा हट्टही सोडा. शेतमजुराची सुट्टी बहुतेक ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी असते. त्या दिवशी चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, मिळतो, गाड्याही धावतात. अकरा ते दोन वर्ग घ्या, मग बाजार. बायकांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे अडचण भाड्यापेक्षा शेवटच्या गाडीची. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने गावातच वर्ग भरवणारं ‘विद्यापीठ आपल्या गावात’ काढलं, ते उगाच नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विद्यार्थ्याचे क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्याचा आयडी आधारवरून निघतो, मग नावं जुळत नाहीत आणि हे कळतं परीक्षेचा फॉर्म भरताना, शेवटच्या तारखेला. प्रवेशाच्या दिवशीच मार्कशीट, टीसी आणि आधार शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र यांपैकी काय चालेल ते विद्यापीठाला तेव्हाच विचारा.

घरबसल्या ऑनलाइन शिकवू, हे मनातून काढून टाका. घरातला एकुलता फोन संध्याकाळी पोराच्या हातात असतो. छापील पुस्तकं द्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच करत आलंय.

आणि मध्येच सोडणाऱ्याला गळती म्हणून खोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत एका वर्षानंतरही, लागणारे क्रेडिट्स पुरे केले तर प्रमाणपत्र मिळतं, 3 वर्षांच्या आत परतता येतं आणि एकूण 7 वर्षांत पदवी पुरी करता येते. हे प्रवेशाच्या वेळीच सांगा. गेलेल्यांचे नंबर जपून ठेवा आणि पुढचे प्रवेश सुरू होताच फोन करा, पण रात्री आठनंतर. दिवसा सगळे वावरात असतात.