नवीन प्रॉपर्टी एजंट आहात? ऑफिस पक्कं करण्याआधी एका डीलचा हिशोब मागा

'फिफ्टी-फिफ्टी देतो' एवढ्यावर भुलून लोक ब्रोकरच्या ऑफिसात रुजू होतात आणि पहिल्या चेकला तोंड पडतं. मुलाखतीतच कागद-पेन पुढे करा नि म्हणा, "सर, साठ लाखांचा रिसेल फ्लॅट मी विकला, एक टक्का ब्रोकरेज आलं. माझ्या हातात किती?"

साठ हजारांचे निम्मे तीस हजार, असं आपण धरून चालतो. पण पोर्टलच्या जाहिरातीचे आठ हजार ते आधी वजा करत असतील तर उरतात सव्वीस. तुमच्याच वाट्यातून कापत असतील तर फक्त बावीस! टीडीएस वेगळाच.

मग हे दोन विचारा:

१. बिल्डरकडून ब्रोकरेज उशिरा येतं, बहुतेकदा ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर. मधेच मी ऑफिस सोडलं तर ते पैसे कोणाचे?

२. माझ्या ओळखीतून आलेल्या गिऱ्हाइकावर जास्त वाटा मिळेल का? (नवख्याची पहिली डील बऱ्याचदा मामा-काकांच्या ओळखीतूनच होते.)

उत्तरं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, 'बरोबर ना सर?' असं विचारून. 'हो' आलं की स्क्रीनशॉट ठेवा.

एक सांभाळा: ऑफिसचा महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर महारेराच्या साइटवर टाकून मुदत बघा, नोंदणी पाच वर्षांचीच असते. आणि 'तुला महारेराची परीक्षा, सर्टिफिकेट काही लागत नाही, आमच्या नंबरावर काम कर' म्हणाले, तर चहा पिऊन निघा.