घरी आजारी माणूस असेल तर फादरांना कधी आणि कसं बोलवायचं

वसईच्या गावांत अजूनही एक समज पक्का आहे: फादर तेल घेऊन घरात आले म्हणजे म्हातारीचं आता खरं नाही. त्यामुळे घरचे टाळत राहतात आणि मग मध्यरात्री आयसीयूच्या दारातून चर्चला फोन जातो. तोवर आजारी माणसाची शुद्ध गेलेली असते. पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, होत नाही, ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची पवित्र भाकर, घेता येत नाही, जे बोलायचं ते राहून जातं.

या समजाला कारण आहे. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या या संस्काराला पूर्वी अंत्याभ्यंग म्हणत आणि तो बहुधा माणूस शेवटच्या घटका मोजत असतानाच दिला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 मध्येच सांगितलं की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणंच योग्य. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी बदलला. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण आजीच्या खाटेपाशी जुनंच नाव चालतं.

कधी बोलवायचं

आजारामुळे किंवा वयामुळे जिवाला धोका *सुरू होतो* तेव्हा. कर्करोगाचं निदान, हार्ट अटॅक, पक्षाघात, डायलिसिस, गंभीर आजारासाठी ठरलेलं ऑपरेशन ही सगळी योग्य वेळ आहे. ठळक आजार नसला तरी फार थकलेल्या वृद्धांना अभ्यंग देता येतो. मुलांना समज आली असेल, म्हणजे साधारण सातव्या वर्षापासून, तर त्यांनाही. सर्दी-तापासाठी किंवा दात काढण्यासाठी नाही.

ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळचा वेळ घ्या. सकाळी रुग्ण उपाशी असतो, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभा असतो आणि फादर चर्चमध्ये सहाच्या मिस्सेला (उपासनेला) असतात.

संस्कार आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून तो ‘राखून ठेवायचा’, हीही चुकीची समजूत. बरं होऊन पुन्हा गंभीर आजार आला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर अभ्यंग पुन्हा घेता येतो.

फोनवर काय सांगायचं

‘फादर, जरा लवकर या’ एवढ्यावर थांबू नका. रुग्णाचं नाव आणि वय, घर किंवा हॉस्पिटलचा मजला आणि खाट क्रमांक, भेटीच्या वेळा, शुद्ध आहे का, गिळता येतं का, हे पाच मुद्दे सांगा. सहावा मुद्दा भाषेचा. जन्मभर कादोडी किंवा वाडवळी बोललेली आजी प्रमाण मराठीत पापनिवेदन करताना अडखळते. तिची बोली समजणारे फादर जवळपास असतील तर ते ठरवायला वेळ मिळतो.

रुग्ण मुंबईत दाखल असेल तर गावच्या फादरांनी लोकलने यावं अशी अपेक्षा धरू नका. हॉस्पिटलजवळच्या चर्चला फोन करा. वांद्र्याचं होली फॅमिली किंवा अंधेरीचं होली स्पिरिट अशा सिस्टर्सच्या (धर्मभगिनींच्या) हॉस्पिटलांत तिथल्या सिस्टरांनाच विचारा. गरजेच्या वेळी कोणताही धर्मगुरू हा संस्कार देऊ शकतो. मात्र धर्मगुरूच देऊ शकतो. डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदाचे दीक्षित सेवक), सिस्टर किंवा कम्युनियन घेऊन येणारे प्रापंचिक सेवक देऊ शकत नाहीत. तीर्थक्षेत्राहून आणलेलं तेल घरच्यांनी कपाळाला लावणं ही भक्ती झाली, संस्कार नव्हे.

तातडी नसेल तर रविवारची सकाळ टाळा. तातडी असेल तर रात्री दोन वाजताही फोन करा, संकोच नको.

खोलीची तयारी

खाटेजवळ लहान टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, अर्धा पेला पाणी, चमचा आणि कागदी रुमाल. पवित्र पाणी असल्यास छोट्या वाटीत. तेल फादर स्वतः आणतात. डबीत तेलात भिजवलेला कापूस असतो, त्यामुळे सांडत नाही. हे तेल बिशप ईस्टरआधीच्या पुण्य सप्ताहातल्या तैलाशीर्वादाच्या मिस्सेत आशीर्वादित करतात. ते ऑलिव्हचं किंवा दुसरं वनस्पती तेल असतं. अडचणीच्या वेळी तेल नसेल तर त्या विधीतच फादर साध्या खाद्यतेलाला आशीर्वाद देऊ शकतात.

ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. टेबलावर न पेटवता ठेवली तरी चालते. टीव्ही बंद, फोन सायलेंट, आणि शेजारच्या दहा जणांना त्याच वेळी भेटीला बोलावू नका. रुग्णाच्या बाह्या सैल ठेवा, कारण तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लागतं. सलाइनची सुई हाताच्या पाठीवर असेल तर आधीच दाखवा, फादर तळव्यावर लावतील.

विधी कसा चालतो

घरी वीसेक मिनिटं लागतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात, मग पापनिवेदन. *यावेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं*, अगदी रात्रंदिवस सेवा करणाऱ्या मुलीनेसुद्धा. इथेच सर्वाधिक गडबड होते. ‘बाबांना ऐकू येत नाही, मी त्यांना मोठ्याने सांगते’ म्हणून कुणी थांबलं की बाबा काहीच बोलत नाहीत. ऐकू येत नसेल तर कानाचं यंत्र लावून ठेवा. बोलता येत नसेल तर मान हलवून, हात दाबूनही पश्चात्ताप व्यक्त करता येतो.

मग सगळे आत येतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं वाचन होतं, त्यानंतर फादर डोक्यावर हात ठेवून मुकाट्याने प्रार्थना करतात. ही शांतता लांबली तर मध्येच ‘हे आमच्या बापा’ सुरू करू नका. कपाळाला तेल लावताना आणि हातांना लावताना प्रार्थनेचे दोन भाग म्हटले जातात, दोन्हींना ‘आमेन’ म्हणायचं. ‘हे आमच्या बापा’ त्यानंतर येतं, मग ख्रिस्तशरीर.

ख्रिस्तशरीराआधीचा एक तासाचा उपवास वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना लागू नाही. ‘औषध घेतलं म्हणून कम्युनियन नाही’ असं म्हणू नका. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान तुकडा, चमचाभर पाण्याबरोबर. तोही जात नसेल तर ख्रिस्तरक्ताचे, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र द्राक्षारसाचे, काही थेंब चमच्याने देता येतात, पण ते मिस्सेतून आणावे लागतात म्हणून आदल्या दिवशी सांगा. नाकातून नळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रुग्णाने तोंडातून काढलं तर केराच्या डब्यात टाकायचं नाही. पेल्यातल्या पाण्यात ठेवा, फादर सांगतील तसं विरघळल्यावर झाडाच्या मुळाशी ओता.

वेळ अगदी कमी असेल तर

आयसीयूत पाच मिनिटं पुरतात. फक्त कपाळाला तेल आणि एकदाच प्रार्थना, एवढ्याने संस्कार पूर्ण होतो. सांसर्गिक आजारात कापसाच्या काडीनेही तेल लावता येतं. पासची व्यवस्था फादर येण्याआधी करा. नर्सला ‘पाच मिनिटं, कपाळाला थेंबभर तेल’ असं नेमकं सांगितलं की सहसा अडवत नाहीत.

माणूस मरणासन्न असून शुद्धीवर असेल तर आधी थोडक्यात पापनिवेदन, लगेच ख्रिस्तशरीर, नंतर वेळ मिळाल्यास अभ्यंग. पुष्कळांना हा क्रम उलटा वाटतो, पण अखेरच्या प्रवासाला निघालेल्याचा खरा संस्कार तेल नसून ख्रिस्तशरीर आहे. त्याला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. मरणासन्नांसाठी पोपच्या वतीने एक खास आशीर्वादही असतो, त्याची आठवण फादरांना बिनधास्त करून द्या.

शुद्ध गेली असली तरी फोन करा. शुद्धीत असताना रुग्णाने निदान मनोमन तरी मागितलं असतं असं मानून अभ्यंग दिला जातो. प्राण आहे की गेला याची शंका असेल तरीही देतात. निश्चित गेलेल्याला मात्र नाही. तेव्हा फादर मृतासाठी प्रार्थना करतात. ‘तेल तरी लावा ना’ असा हट्ट धरला की दुःखाच्या घरात उगाच वाद होतो.

एनआयसीयूतल्या बाळाला अभ्यंग नसतो, त्याला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) लागतो. जीव धोक्यात असेल आणि फादर पोहोचू शकत नसतील तर तो कुणीही देऊ शकतं, नर्ससुद्धा, फक्त चर्च जे करतं तेच करायचा हेतू मनात हवा. बाळाच्या डोक्यावर तीनदा साधं पाणी ओतत नाव घेऊन म्हणायचं: ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो.’ इनक्युबेटरमध्ये थोडंसं पाणी पुरतं, पण ते कातडीवरून वाहिलं पाहिजे, नुसतं ओलं बोट टेकवणं नको. नंतर चर्चच्या ऑफिसात कळवून नोंद करून घ्या.

नंतर

अभ्यंगाला फी नसते. पाकीट द्यायचं असेल तर ते दान समजून द्या, पैसे नाहीत म्हणून फोन थांबवू नका. घरी पडून असलेल्यांची नावं ऑफिसात लिहून ठेवा. बऱ्याच धर्मग्रामांत (चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत) पहिल्या शुक्रवारी घरोघरी ख्रिस्तशरीर नेतात, आणि 11 फेब्रुवारीला, आजाऱ्यांच्या जागतिक दिनाच्या सुमारास, चर्चमध्ये सामुदायिक अभ्यंगही असतो. चालता येणाऱ्या आजीला तिथे न्या. बाकीच्या पन्नास म्हाताऱ्या तेल लावून घेऊन चहा प्यायला थांबलेल्या दिसल्या, की तिची भीती बरीच कमी होते.