वाळलेलं झेडझेड पुन्हा उभं करताना

महिनोन्‌महिने पाणी न मिळालेलं झेडझेड (जाड, चकचकीत पानांचं घरातलं शोभेचं रोप) लगेच टाकून देऊ नका. त्याचा जीव पानांत नसतो, मातीखालच्या बटाट्यासारख्या कंदात असतो. पाणी मुख्यतः तिथं साठतं.

आधी कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढा आणि कंद दाबून बघा. टणक असेल तर रोप वाचणार. मऊ, तपकिरी, कुबट वासाचा भाग धारदार सुरीने पांढरा गर दिसेपर्यंत कापा, कापावर हळद लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. चीक त्वचेला खाजतो, हातमोजे घाला.

माती महत्त्वाची. पंचगंगेकाठच्या शेतातली काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कुंडी कंदापेक्षा जेमतेम दोन इंच रुंद हवी, तळाला भोक हवंच.

कंद कापला असेल तर लावल्यावर आठवडाभर पाणी नको. नंतर माती तळापर्यंत सुकली की भरपूर द्या, बशीत साचलेलं ओता. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच ओलसर असते. जून ते सप्टेंबर तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. हे रोप तहानेपेक्षा मायेच्या पाण्यानं जास्त मरतं. पिवळी, लिबलिबीत पानं म्हणजे पाणी जास्त. सुरकुतलेला देठ म्हणजे कमी.

खिडकीजवळ, थेट ऊन टाळून ठेवा. नवा कोंब यायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर खत घालू नका.