कडी केबिन बोट: पाणी कुठे मुरतंय?

जुन्या बोटीच्या सौद्यात ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे शब्दशः घ्यायचं असतं. वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या कडी (cuddy) केबिन बोटीचे बहुतेक महागडे दोष एकाच प्रकारचे असतात: पाणी जिथे जायला नको तिथे गेलेलं असतं. ट्रान्समच्या (मागच्या भिंतीच्या) लाकडात, तळाला लांबीत जोडलेल्या स्ट्रिंगरशेजारच्या फोममध्ये, गिअर ऑइलमध्ये, नाहीतर एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये. त्यामुळे पॉलिश, नव्या गाद्या आणि मोठ्या स्क्रीनचा फिशफाइंडर यांच्याकडे सगळ्यात शेवटी बघा.

मध्यम कडी म्हणजे साधारण २१ ते २५ फुटांची, पुढच्या डेकखाली बुटकी केबिन असलेली बोट. आत उभं राहता येत नाही. ‘चौघं आरामात झोपतात’ असं कुणी सांगितलं तर दोन मोठी माणसं आणि एखादं मूल असा अर्थ घ्यावा. स्वतः आत जाऊन आडवे व्हा. व्ही-बर्थच्या, म्हणजे नाळेतल्या व्ही आकाराच्या बिछान्याच्या, निमुळत्या टोकाला दोघांची पावलं एकमेकांवर येतात का, बसल्यावर डोकं छताला लागतं का, पोर्टेबल टॉयलेट वापरायला किती कसरत करावी लागते, हे पाच मिनिटांत कळतं. नांगर टाकायला नाळेपर्यंत कसं जायचं तेही बघा. विंडशील्डच्या मधून पायऱ्या असतील तर उत्तम. बाजूच्या वीतभर पट्टीवरून जायचं असेल तर लाट उठल्यावर ते धोक्याचं काम होतं.

ट्रान्सम आणि स्ट्रिंगर

जुन्या फायबरग्लास बोटींचा ट्रान्सम, म्हणजे मागची सपाट भिंत, बहुधा प्लायवुडचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लास असा असतो. तळाला लांबीत जोडलेले स्ट्रिंगर म्हणजे बोटीचा कणा. तेही अनेकदा लाकडाचेच. ट्रान्समला ड्राइव्हसाठी (इंजिनाची ताकद प्रॉपेलरपर्यंत नेणाऱ्या बाहेरच्या भागासाठी) मोठं भोक पाडलेलं असतं, शिवाय ट्रिम टॅब, स्विम प्लॅटफॉर्म, ट्रान्सड्यूसर आणि ड्रेन प्लगचे स्क्रू असतात. यातलं प्रत्येक भोक सीलंटच्या भरवशावर असतं. सीलंट वाळून तडकलं की प्लायवुड पाणी पितं आणि आतून कुजतं. बाहेरचा जेलकोट मात्र चकचकीत राहतो.

स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने ट्रान्समवर दर दोन-तीन इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक ‘टक’ येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी मेलेला ‘थप’. कानाला फरक लगेच कळायला लागतो. ड्रेन प्लगभोवती आणि ड्राइव्हच्या भोकाच्या खालच्या कोपऱ्यांत सावकाश ठोका. कुजणं बहुधा तिथून सुरू होतं. नंतर एकाने ड्राइव्ह किंवा आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेर टांगलेलं इंजिन) खालच्या टोकाला धरून वर-खाली दाबावं, दुसऱ्याने ट्रान्समवर नजर ठेवावी. भिंत लवली किंवा फटीतून पाण्याचे थेंब आले तर तो दोष किरकोळ नाही. मालक तयार असेल तर ड्रेन प्लगच्या फिटिंगचा एक स्क्रू काढून बघा. स्क्रूबरोबर ओला काळपट भुसा आला तर बाकीची पाहणी न करता घरी गेलात तरी चालेल. ट्रान्सम बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि त्या मजुरीत बऱ्याचदा दुसरी चांगली बोट येते.

स्ट्रिंगरची एक सोपी परीक्षा इंजिनाच्या माउंटपाशी होते. माउंट ज्या लॅग बोल्टने लाकडात बसवलेला असतो, त्याला पाना लावून किंचित घट्ट करून बघा. बोल्ट पकड न घेता नुसताच फिरला तर खालचं लाकूड संपलेलं आहे. कॉकपिटच्या फरशीवर अनवाणी चाला, टाचेवर भार देऊन. सीटच्या पायांशी आणि कोपऱ्यांत ती दबते का बघा.

मॉइश्चर मीटर उपयोगाचा आहे, पण बोट पाण्यातून नुकतीच काढलेली असेल, तळाला तांबंयुक्त अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा) रंग असेल किंवा मागे धातूची टाकी असेल तर तो खोटं बोलतो. त्याच्या आकड्याला ठोकण्याच्या आवाजाची साक्ष हवीच. फरशीखालच्या फोममध्ये पाणी भरलंय का, हे ट्रेलरसकट वजनकाट्यावर कळतं. ट्रेलर आणि इंधनाचं वजन वजा करा (पेट्रोल लिटरला सुमारे पाऊण किलो) आणि उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. सामानाच्या हिशेबात न बसणारे दीड-दोनशे किलो जास्त भरले तर ते बहुधा पाणीच असतं.

क्लीटभोवतीच्या (दोर बांधायच्या खुंटीभोवतीच्या) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा किंवा तळावरचे चार-दोन फोड यांनी घाबरू नका. त्यावर भावात घासाघीस करा. कीलला (तळाच्या मधल्या रेषेला) समांतर लांब भेग किंवा शेजारच्या रंगाशी न जुळणारा मोठा पट्टा दिसला तर बोट कुठे आपटली होती ते विचारा.

इंजिन आणि ड्राइव्ह

जाण्याआधी मालकाला कळवा की इंजिन थंडच हवं. पोचल्यावर आधी ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर थंड इंजिन सुरू होताना त्रास देतं, हे कुणीतरी तुमच्यापासून लपवतंय.

इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही तपासा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. गिअर ऑइल काळं आणि जळका वास असेल तर बेअरिंग किंवा गिअर झिजलेत. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडा लेप चालतो, कपच्या चालत नाहीत.

सगळे स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती आला यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचं. शेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. प्लगवर गंज दिसला तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

स्टर्नड्राइव्हमध्ये (इंजिन आत, ड्राइव्ह मागे बाहेर) सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर, जळका वायू इंजिनाबाहेर नेणारे भाग. त्यांच्या ओतीव लोखंडी भिंतीच्या एका बाजूला जळका वायू, दुसऱ्या बाजूला थंड करणारं पाणी. खाऱ्या पाण्यात ही भिंत ५ ते ७ वर्षांत खाल्ली जाते. गोड्या पाण्यात बरीच जास्त टिकते. भिंत फुटली की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि चांगलं चालणारं इंजिन एका आठवड्यात जाम होतं. रायझर कधी बदलले याची पावती मागा. पावती नसेल तर बदलायचेच आहेत असं धरून भाव बोला. जोडावरून खाली आलेले गंजाचे ओघळ हीदेखील एक पावतीच, उलट्या अर्थाची.

ड्राइव्हचे रबरी बेलोज (पाणी आत येऊ न देणारे घडीचे नळे) वाकवून, टॉर्चने घडीच्या आत बघा. भेगा तिथेच लपतात, आणि यू-जॉइंटचा बेलोज फाटला तर बोट धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडू शकते. इंजिन चालू असताना स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. गुरगुर आली तर गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं) गेलंय. थंडीत पाणी गोठणाऱ्या प्रदेशातली बोट असेल तर ब्लॉकच्या बाजूंना तडा किंवा ताजा रंग शोधा. आत राहिलेलं पाणी गोठलं की लोखंड फोडतं.

आउटबोर्डच्या बाबतीत हा पसारा नाही. नव्या पिढीच्या इंजिनातून कॉम्प्युटरवर चाललेले तास आणि कुठल्या आरपीएमवर किती चाललं ते निघतं. ते बघा आणि थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात येते का पाहा.

पेट्रोल, वायर आणि केबिन

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते. इनबोर्ड पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवायचा असतो तो त्यासाठी. म्हणून स्टार्टर आणि अल्टरनेटर मरीन बनावटीचेच आहेत ना, ते बघा. मोटारीचा सुटा भाग तसाच बसतो आणि स्वस्त पडतो, पण त्याची ठिणगी बंदिस्त नसते. हे तडजोडीचं कलम नाही. टाकी फरशीखाली फोममध्ये गाडलेली अॅल्युमिनियमची असेल तर तिचा दिसणारा भाग खड्ड्यांसाठी तपासा. टाकी बदलायची तर फरशी कापावी लागते.

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. बिल्ज पंपचा फ्लोट हाताने उचला. पंप लगेच सुरू व्हायला हवा.

केबिनचं दार उघडल्याबरोबर नाकाला विचारा. गाद्या उलट्या करून खालची बाजू बघा, बुरशी तिथे असते. खिडक्यांच्या चौकटींखाली तपकिरी ओघळ असतील तर डेकचा गाभा ओला असू शकतो.

पाण्यात

पाण्यात चालवल्याशिवाय बोट घेऊ नका. निदान तासभर, रोजच्याइतकी माणसं आणि इंधन घेऊन. निघण्यापूर्वी बिल्ज पुसून कोरडा करा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम उत्पादकाच्या पल्ल्यात यायला हवा. बऱ्याच व्ही-६ आणि व्ही-८ स्टर्नड्राइव्हना तो ४४०० ते ५००० असतो. कमी पडला तर प्रॉपेलर जास्त पिचचा आहे (पिच म्हणजे प्रॉपेलर एका फेऱ्यात पुढे जाईल ते अंतर; एक इंच पिचने साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो), इंजिन थकलंय किंवा बोट पाणी पिऊन जड झालीय. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही रायझर मोजा. एक बाजू बरीच गरम असेल तर तिथे गंजाने वाट बुजलीय. मग इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करा. परत आल्यावर तोच कोरडा केलेला बिल्ज उघडा.

बोटीचा १२ अक्षर-अंकी हल क्रमांक ट्रान्समच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. अमेरिकी पद्धतीत १९८४ नंतरच्या बोटींचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. कागदांशी तो अक्षरन् अक्षर जुळवा. ट्रेलरच्या टायरवरचा चार अंकी आठवडा-वर्ष क्रमांकही वाचा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर स्वतंत्र सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) बोलवा. तो तुम्ही नेमलेला आणि तुमच्या पैशाने आलेला असावा, मालकाने सुचवलेला नको. इंजिनासाठी बऱ्याचदा वेगळा मेकॅनिक लागतो. विसार देताना पावतीवर ‘सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाल्यास’ एवढं लिहून घ्या. बोट ताब्यात आली की पहिल्या फेरीआधी इंपेलर (थंड करणारं पाणी ओढणारं रबरी चक्र), दोन्ही ऑइल, फ्युएल फिल्टर आणि बेलोज बदला, मालक काहीही म्हणाला तरी.