समुद्राजवळ कुत्रा-मांजर पाळताय? या चुका टाळा

दादर, माहीम, जुहू, वर्सोवा. मुंबईत समुद्राच्या कडेने राहणाऱ्या बहुतेक घरांत कुत्र्याचं वेळापत्रक ऑफिसच्या वेळेवरून ठरतं. सकाळी डबा भरायच्या आधी एक फेरी, रात्री जेवणं आटोपल्यावर दुसरी. वर्षाचे बारा महिने तीच वेळ आणि तीच वाट. मग अधूनमधून जुलाब, पंज्यात काच, पावसाळाभर खाज, आणि घरच्यांची तक्रार, "याला सारखं काही ना काही होतंच." माझं मत असं की किनाऱ्यावरच्या प्राण्यांची निम्मी दुखणी या एकाच वेळापत्रकातून येतात. आपल्या वस्तीत पाण्याची वेळ रोज सरकते, वारा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो आणि पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. त्याप्रमाणे फेरीची वेळ, वाट आणि घरातल्या सवयी बदलायला हव्यात. त्या न बदलल्यामुळे नेमकं काय बिघडतं आणि बिघडल्यावर काय करायचं, ते इथे सांगते.

भरती न बघता चौपाटीवर जाणं

मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अशा वेळी दादर चौपाटीवर चालायला वाळूची अरुंद पट्टी तेवढी उरते, आणि समुद्र आपला सगळा कचरा नेमका त्याच पट्टीवर आणून टाकतो. तुटलेल्या जाळ्याचे तुकडे, गळ, काच, निर्माल्याच्या पिशव्या, कुजलेले मासे. गणपतीनंतरच्या दिवसांत मूर्तींच्या आतले लोखंडी गज आणि काथ्यासुद्धा. कुत्रा नाक खाली घालून चालणारा प्राणी आहे, त्याला यातलं सगळं हवंहवंसं वाटतं. ओहोटीला तीच चौपाटी लांबवर मोकळी होते, वाळू ओली आणि घट्ट असते आणि कचऱ्याची रेघ मागे राहते. ती रेघ पट्टा आखूड धरून झपाझप ओलांडायची आणि मगच कुत्र्याला थोडी ढील द्यायची.

ओहोटी कधी, हे कळायला ॲप लागत नाही. कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा, नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी पूर्ण चढलेलं. त्या दिवशी पहाटेची फेरी गल्लीतच मारावी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कुत्रा फिरवायला एवढा अंदाज पुरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. बाजारात मासळी घेताना कोळणीला विचारलंत तर ती वाटे लावता लावता सांगेल.

एप्रिल-मेमध्ये ओहोटी भर दुपारी आली तर मात्र मोह टाळा. हाताची मागची बाजू कोरड्या वाळूवर टेकवा. पाच-सहा सेकंदं धरवत नसेल तर पंजे भाजणार. भाजलेल्या पंज्यावर घरी हळद-तेल चोळत बसू नका. गार पाण्याने धुवा, चाटू देऊ नका, फोड दिसले तर डॉक्टरांकडे न्या.

समुद्राचं पाणी पिऊ देणं ही आणखी एक नेहमीची चूक. चेंडूमागे लाटेत शिरलेला कुत्रा प्रत्येक वेळी घोटभर पाणी गिळतो आणि घरी येऊन त्याला पाण्यासारखे जुलाब होतात. निघण्यापूर्वी पोटभर पाणी पाजा, सोबत बाटली आणि वाटी ठेवा आणि दर थोड्या वेळाने खेळ थांबवून पाणी द्या. उलट्या थांबत नसतील, झोकांड्या जात असतील किंवा अंग थरथरत असेल तर शरीरात मीठ फार झालेलं असू शकतं. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पावसाळ्यात वाळूवर पडलेलं निळं काहीतरी

जुलै ते सप्टेंबरमध्ये समुद्राकडून येणारा वारा ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे दिसणारे, दंश करणारे समुद्री जीव, किनाऱ्यावर ढकलतो. जुहू, आक्सा, गिरगाव, सगळीकडे. बोटभर लांबीचा, निळसर, पारदर्शक फुगा आणि त्याच्या खाली निळ्या दोऱ्यांसारखे तंतू. हे तंतू मीटरभर किंवा त्याहून लांब असू शकतात, त्यामुळे फुगा इथे आणि दंश तिथे असंही होतं. मेलेल्या, वाळलेल्या ब्लू बॉटलचाही दंश होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लहान मुलं तो फुगा काडीने फोडतात आणि कुत्री हुंगतात, चाटतात.

दंश झाला की कुत्रा एकदम ओरडतो, तोंडाला पंजा मारतो, लाळ गळायला लागते. अशा वेळी वाळूने चोळू नका, लिंबू लावू नका आणि नळाचं गार पाणीही ओतू नका. चोळल्याने आणि गोड्या पाण्याने उरलेल्या दंशपेशी फुटून विष आणखी पसरतं. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, चिमट्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तंतू काढा, समुद्राच्याच पाण्याने ती जागा धुवा आणि कुत्र्याला ती चाटू देऊ नका. तोंडाच्या आत दंश असेल, चेहरा सुजत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर तिथूनच रिक्षा पकडा.

उथळ पाण्यातल्या पाकटांचंही, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशांचंही, लक्षात ठेवा. 2013च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी भाविकांना डंख मारले होते. वाळूत अंग पुरून बसलेला पाकट कुत्र्याला दिसत नाही. पावसाळा संपेपर्यंत कुत्र्याला पाण्यात उतरवूच नये, या मताची मी आहे.

घरी आल्यावर: फार धुणं आणि न धुणं

काही घरांत समुद्रावरून आलेला कुत्रा तसाच सोफ्यावर चढतो. मीठ कातडीवर राहतं, खाज सुटते, तो चाटत राहतो आणि दोन बोटांच्या मधली जागा लाल होते. दुसऱ्या टोकाची घरं रोज शाम्पू लावतात, तोही माणसांचा. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी असते. रोजच्या शाम्पूने तिच्यावरचा तेलाचा थर जातो आणि बुरशीला वाट मिळते. नुसत्या साध्या पाण्याने मीठ-वाळू उतरवायची, एवढंच रोजचं काम. शाम्पू प्राण्यांचाच हवा आणि डॉक्टर सांगतील तेवढाच.

खरी मेहनत पुसण्यात आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे टॉवेलसुद्धा दोन दिवसांत वाळत नाही, मग लॅब्रेडॉरच्या दाट केसांचं काय होत असेल? बोटांच्या मधे, काखेत, शेपटीखाली आणि कानाच्या आत कोरड्या सुती फडक्याने पुसा. ओला गळपट्टा काढून ठेवा. कान सतत झटकणं, डोकं एका बाजूला कलतं धरणं किंवा कानाला आंबूस वास येणं म्हणजे आत पाणी राहून संसर्ग झालाय. इअरबड आत घालून कोरू नका, मळ आणखी आत जातो.

गोचीड कुत्र्यावरून काढली, घरातली राहिली

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कानाची घडी उलटून बघा. तुरीच्या दाण्याएवढी, राखाडी, टम्म फुगलेली मादी चिकटलेली असेल. पोट भरलं की ती कुत्र्यावरून स्वतःच सुटते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा दिवाणाखाली जाते आणि तिथे हजारांवर अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला औषधाने अंघोळ घालता, चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून कुत्र्यावर औषध सुरू असतानाच भेगा बुजवायच्या, कुत्र्याचं अंथरुण गरम पाण्यात धुवायचं, फर्निचर सरकवून झाडायचं, आणि हे महिने-दोन महिने चिकाटीने करायचं. खालच्या मजल्यावर भटक्या कुत्र्यांची ये-जा असेल तर जिन्याच्या कोपऱ्यांकडेही बघा.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध लावायच्या आधी आणि नंतर साधारण दोन दिवस कुत्रा भिजता कामा नये. शनिवारी औषध आणि रविवारी चौपाटी केलीत की पैसे पाण्यात. रोज भिजणाऱ्या कुत्र्यासाठी तोंडाने द्यायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि कुत्र्यासाठी आणलेले थेंब कधीही मांजरावर टाकू नका. त्यांतल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो.

चिकटलेली गोचीड रॉकेल किंवा काडीची आग लावून काढू नका आणि नखाने चिरडूही नका. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. त्यानंतर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवणावरून मन उडणं, ताप, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त, चहाच्या रंगाची लघवी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. गोचीडतापाच्या एका प्रकारावरचं औषध साधारण चार आठवडे चालतं. आठव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे लोक पुढच्या महिन्यात जास्त आजारी कुत्रा घेऊन परत येतात.

तुंबलेल्या पाण्यातून "एवढंच तर जायचंय"

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात येतो आणि ओरखड्यातून, मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्या-नाकातून शरीरात शिरतो. 26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण किती वाढले होते, ते त्या वेळी इथे असलेल्यांना आठवत असेल. कुत्र्याला तो होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो.

यावर लस आहे, पण लसीच्या पुस्तिकेवर शिक्का आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या स्टिकरवर लेप्टोचं नाव आहे का, ते वाचा. तिचं संरक्षण वर्षभराचं असतं आणि पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरकायला हवं. लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर लस चालत नाही, तेव्हा लस दिली तरी तुंबलेल्या पाण्यात नेऊ नकाच. ताप, उलट्या आणि डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा दिसला तर हातमोजे घालूनच साफसफाई करा आणि डॉक्टरांना "पाण्यातून चालला होता" हे आवर्जून सांगा.

"पण तो बाहेर गेल्याशिवाय करतच नाही" ही अडचण खरी आहे. ती जुलैत सुटत नाही, मेमध्ये सुटते. गॅलरीत ट्रे ठेवायचा, त्यात त्याच्या नेहमीच्या जागची थोडी माती किंवा त्याच्याच लघवीचा कागद टाकायचा, सकाळी आधी तिथे न्यायचं आणि केलं की खाऊ द्यायचा. हट्टी कुत्र्याला महिना लागतो. पण पहिल्या मुसळधार पावसात त्या महिन्याचं मोल कळतं.

तळमजल्यावर आणि चाळीत राहणाऱ्यांनी रात्री खाण्याचं भांडं उघडं ठेवू नये. उरलेल्या भातावर घूस येते, तिथेच मुतते आणि सकाळी कुत्रा तेच भांडं चाटतो. रात्री भांडं घासून पालथं घाला. पिण्याचं पाणीही सकाळी नवं भरा.

मासे, काटे आणि गळ

मांजराला मासळी आवडते म्हणून सुका बोंबील, सोडे, खारवलेला बांगडा देणं चूक आहे. त्यातलं मीठ तिच्या एवढ्याशा शरीराला झेपत नाही. रोज कच्ची मासळी दिली तर काही माशांमुळे बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि मांजर मान वाकवून लडखडायला लागतं. उकडलेला, बिनमिठाचा, काटे काढलेला मासा अधूनमधून चालेल. कांदा-लसणाचं कालवण मात्र मांजराला नाही आणि कुत्र्यालाही नाही.

काटा अडकला तर आपल्याकडे भाताचा गोळा भरवतात. प्राण्यावर हा प्रयोग करू नका, काटा आणखी खोल रुततो. तोंडातून किंवा शेपटीखालून मासेमारीचा दोरा लोंबताना दिसला तर तो अजिबात ओढायचा नाही. आत गळ असेल तर आतडं फाटतं. दोरा आहे तसाच ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

मांजर आणि खिडकी

मांजर चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या मांजरांना भोवतो. जबडा आणि छाती यांना मार बसतो, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. ऊन आणि खारा वारा ती ठिसूळ करतात आणि मांजर ती कुरतडतं. गंजलेल्या खिळ्यांवर ताणलेली जाळी एका उडीत सुटते. गंज न चढणारी तारेची जाळी लावा आणि पावसाळ्यानंतर हुक हाताने ओढून तपासा. वाऱ्याने आपटणाऱ्या खिडक्यांना अडकण लावा, शेपट्या चेंगरतात.

मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडाही देऊ नये. त्याने मांजर मरतं. दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा.

निघायचं कुठे, हे मात्र आधी ठरलेलं हवं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, पण वर्सोव्याहून पावसातल्या रात्री परळ गाठायला किती वेळ लागेल याचा विचार करा. जवळच्या दोन दवाखान्यांना आत्ताच फोन करून रात्री डॉक्टर असतात का ते विचारा, नंबर फ्रिजवर चिकटवा आणि प्राणी गाडीत घ्यायला तयार असणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबरही त्याच्याच खाली लिहून ठेवा. मांजराची टोपली माळ्यावरून काढून दिवाणखान्यात उघडी ठेवा, म्हणजे ऐनवेळी तिला पकडण्यात अर्धा तास जाणार नाही.