200 किलोमीटरच्या बीआरएमआधी सायकल कॉम्प्युटरच्या स्क्रीनची तयारी

बीआरएमआधी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीआधी, सायकल तपासण्याची सवय आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. ब्रेक, टायर, साखळी, पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जाकीट हे सारे आठवडाभर आधी पाहिले जाते. हँडलवरचा कॉम्प्युटर मात्र दुकानातून जसा आला तसाच अनेकदा सुरुवातीच्या रांगेत येऊन उभा राहतो. त्याच्या पहिल्या पानावर बहुधा वेग आणि सरासरी वेग ठळक असतात आणि रोजच्या सकाळच्या फेरीला ते पुरतेही. बीआरएममध्ये विचारायचा प्रश्न वेगळा असतो. या फेऱ्यांचे नियम ठरवणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार 200 किलोमीटरसाठी 13 तास 30 मिनिटे मिळतात आणि त्यात पंक्चर, नाश्ता, सावलीतली विश्रांती, रेल्वे फाटकावरचे थांबणे असे सगळे धरलेले असते. त्यामुळे स्क्रीनची मांडणी वेगापासून न करता घड्याळापासून करावी, असे मी प्रत्येक नव्या सोबत्याला आग्रहाने सांगतो.

आठवडाभर आधी पहिले काम करावे ते वेगळ्या प्रोफाइलचे, म्हणजे एका प्रकारच्या फेरीसाठी उपकरणात जतन केलेल्या मांडणीचे. गार्मिन कंपनीच्या एज मालिकेतल्या कॉम्प्युटरांत पानांची मांडणी प्रोफाइलशी जोडलेली असते. म्हणजे रोड प्रोफाइलमध्ये तासभर बसून लावलेली पाने दुसरे प्रोफाइल चालू होताच दिसेनाशी होतात आणि सकाळच्या अंधारात ती हरवली असे वाटून घाबरायला होते. वाहू कंपनीच्या एलिमेंटमध्ये पानांची मांडणी फोनवरच्या ॲपमधून करायची असते आणि सायकलवर बसल्यावर बटणांनी रकान्यांची (पानावरच्या एकेका आकड्याच्या चौकटींची) संख्या कमी-जास्त करता येते. रकाने कमी केल्यावर क्रमाने वरचे तेवढे टिकतात, म्हणून त्या उपकरणात कोणता रकाना कितव्या जागी ठेवला हेही महत्त्वाचे ठरते. बीआरएमच्या नावाने एक स्वतंत्र प्रोफाइल एकदा बनवले की तेच पुढे 300 ला 20 तास, 400 ला 27 तास आणि 600 ला 40 तास या मर्यादांसाठी चालते. 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या फेरीचे स्वप्न पाहणाऱ्यांना ही चारही अंतरे पुरी करायची असल्याने हा तासभर वाया जात नाही.

रकाने निवडण्याआधी त्यांत येणारे आकडे खरे आहेत का, हे पाहावे. नाहीतर आधी कळस मग पाया असे होईल. चाकावर वेगाचा सेन्सर असेल तर चाकाचा परीघ तपासावा. 700×25 टायरचा परीघ साधारण 2105 मिलिमीटर आणि 700×32 चा साधारण 2155 मिलिमीटर धरतात. रुंद टायर बसवून जुनाच आकडा ठेवला, तर 200 किलोमीटर पुरे झाल्यावरही स्क्रीनवर सुमारे साडेचार किलोमीटर कमी दिसतील आणि रूटशीटवरचे, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या वळणांच्या यादीतले, प्रत्येक वळण अपेक्षेच्या आधी येईल. अनेक नवी उपकरणे जीपीएसवरून परीघ स्वतः ठरवतात, तरी तो पर्याय चालू आहे याची खात्री करून घ्यावी. सेन्सरमधले सेल बदलून टाकावेत. ते वर्षभर टिकतात आणि नेमके आपल्याला नको त्या दिवशी संपतात.

आता मुख्य पान. यावर मी पाचच रकाने ठेवतो: सर्वांत वर एकूण गेलेला वेळ, त्याखाली अंतर, मग पुढच्या कंट्रोलपर्यंतचे (मुदतीत पोचायच्या तपासणीच्या ठिकाणापर्यंतचे) अंतर, नेहमीचे घड्याळ आणि शेवटी वेग. यांतला पहिला रकाना निवडताना विशेष काळजी घ्यावी, कारण बहुतेक उपकरणांत वेळेचे दोन रकाने असतात आणि त्यांची नावे सारखीच वाटतात. एकात केवळ सायकल चालू असतानाचा वेळ मोजला जातो. दुसऱ्यात सुरुवातीचे बटण दाबल्यापासून गेलेला सगळा वेळ मोजला जातो. गार्मिनमध्ये या दुसऱ्याला इलॅप्स्ड टाइम म्हणतात आणि आपल्याला तोच हवा आहे.

हा फरक किती घातक ठरू शकतो, ते एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, पहिले 100 किलोमीटर आपण ताशी 22 च्या सरासरीने चालवले. चालता वेळ झाला 4 तास 33 मिनिटे. मध्ये 50 मिनिटे मिसळ आणि चहाला गेली, 25 मिनिटे पंक्चरला आणि 15 मिनिटे पाणी भरण्यात व इकडेतिकडे गेली. प्रत्यक्षात गेलेला वेळ झाला 6 तास 3 मिनिटे. 100 किलोमीटरवरचे कंट्रोल 6 तास 40 मिनिटांनी बंद होते, म्हणजे हाताशी उरली केवळ 37 मिनिटे. परंतु चालत्या वेळेवरूनच काढलेल्या सरासरी वेगाचा रकाना अजूनही 22 दाखवत असतो आणि आपण निवांत असतो. माझ्या पहिल्या बीआरएममध्ये याच रकान्यावर विसंबून मी दोन थांबे लांबवले आणि शेवटच्या कंट्रोलवर मुदत संपायला अकरा मिनिटे असताना पोचलो. त्या दिवसापासून सरासरी वेग माझ्या कोणत्याच पानावर नाही. ज्याला तो हवाच असेल त्याने शेवटच्या पानावर ठेवावा.

कंट्रोलची मुदत डोक्यात ठेवण्याची सोपी रीत आहे. पहिल्या 60 किलोमीटरनंतरच्या कंट्रोलसाठी ताशी 15 किलोमीटरचा किमान वेग धरला जातो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटे. 100 ला 400 मिनिटे, 150 ला 600 मिनिटे म्हणजे बरोबर दहा तास. ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे कंट्रोलवर वेळ नोंदतात त्या कार्डावर, मुदत छापलेली असतेच, तरीही सायकलच्या वरच्या नळीवर चिकटपट्टीवर ती लिहून ठेवावी; मग स्क्रीनवरचा गेलेला वेळ आणि पट्टीवरचा आकडा यांची तुलना नजर फारशी न हलवता करता येते.

पाचच रकाने का, असे विचारले जाते. काही उपकरणांत एका पानावर दहा रकाने मावतात, हे खरे; परंतु खड्डा चुकवताना खाली टाकलेल्या नजरेला दहातला सातवा आकडा सापडत नाही. शिवाय बीआरएम करणाऱ्यांत चाळिशी लागलेले बरेच असतात. सायकलवर वाचनाचा चष्मा नसतो आणि लहान आकडे धूसर होतात, म्हणून महत्त्वाचा रकाना पानाच्या पूर्ण रुंदीचा ठेवावा. मांडणी झाल्यावर भर दुपारी उन्हात उभे राहून, नेहमीचा गॉगल घालून ती वाचून पाहावी. पोलराइज्ड काचांतून काही स्क्रीन ठरावीक कोनात काळपट दिसतात आणि ही गोष्ट घरात बसून लक्षात येत नाही.

दुसरे पान घाटासाठी. पुण्याहून निघणाऱ्या मार्गांत कुठे ना कुठे घाट असतोच, म्हणून वाई ते पाचगणीचा पसरणी घाट डोळ्यांसमोर ठेवून मी हे पान लावतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आणि पाचगणी सुमारे 1300 मीटरवर आहे. म्हणजे एका दमात 600 मीटर चढायचे आहेत. इथे वेगाचा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही. ताशी आठ किंवा नऊ हा आकडा सतत पाहून माणूस नकळत जोर वाढवतो आणि त्याची किंमत पुढच्या सपाटीवर मोजतो. त्याऐवजी हृदयाचे ठोके, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), उंची आणि उरलेली चढण हे चार रकाने असावेत. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारे उपकरण) असेल तर क्षणोक्षणी उड्या मारणाऱ्या आकड्याऐवजी तीन किंवा दहा सेकंदांची सरासरी घ्यावी. उरलेली चढण दाखवणारी सोय बऱ्याच उपकरणांत मार्ग भरलेला असेल तरच नीट काम करते, हे ध्यानात ठेवावे.

चढाच्या टक्क्यांचा रकाना अनेकांना आवडतो, पण तो थोडा मागून बोलतो. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते आणि चढ काढायला काही मीटर पुढे जावे लागते, त्यामुळे वळणावरचा तीव्र तुकडा संपत आल्यावर बारा टक्के उमटतात. गिअर रस्ता पाहून बदलावा. दाबाचा आणखी एक परिणाम असा की, आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. दोन-तीन हेक्टोपास्कलच्या या फरकाने त्याच जागेची उंची दुपारी वीस-पंचवीस मीटर जास्त दिसू शकते. उपकरणात तेव्हा बिघाड झालेला नसतो. निघण्याआधी सुरुवातीच्या जागेची उंची भरून द्यावी आणि दाब मोजणारे बारीक छिद्र चिखलाने वा घामाच्या मिठाने बुजलेले नाही, हे पाहावे.

तिसरे पान नकाशाचे. आयोजकांनी दिलेली मार्गाची जीपीएक्स फाइल उपकरणात टाकून ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. फोनवर आली म्हणजे कॉम्प्युटरमध्ये पोचली असे नसते. कंट्रोलची ठिकाणे मार्गावर खुणा म्हणून टाकून घ्यावीत, कारण मुख्य पानावरचा पुढच्या कंट्रोलपर्यंतचा रकाना त्या खुणांवरच चालतो. मार्ग चुकल्यास आपोआप नवा मार्ग काढणारी सोय बंद ठेवावी. ती जवळचा रस्ता शोधते. आपल्याला मात्र ठरलेल्याच रस्त्याने, चुकलो त्या ठिकाणी परत जाऊन पुढे जायचे असते. नकाशाच्या पानावर आकड्यांचे दोनहून अधिक रकाने ठेवू नयेत.

चौथे पान असले तर त्यावर बॅटरी, सूर्यास्ताची वेळ आणि तापमान एवढे पुरे.

पाने लागली की त्यांच्या आड येणाऱ्या गोष्टी बंद कराव्यात. आपोआप पाने उलटणे बंद. दर पाच किलोमीटरला लॅपचा (टप्प्याचा) फलक झळकणे बंद. फोनवरचे संदेश बंद, कारण नेमके वळणावर कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात नकाशा झाकून टाकते. घरच्यांचा फोन तेवढा येऊ द्यावा. ऑटो पॉज (सायकल थांबली की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारी सोय) बंद, कारण तीव्र चढावर वेग फार उतरला की रेकॉर्डिंग थांबते-सुरू होते आणि फाइलमध्ये तुकडे पडतात. दर अर्ध्या तासाने खाण्यापिण्याची आठवण मात्र चालू ठेवावी. ती मला दोनदा भोवळ येण्यापासून वाचवून गेली आहे. टचस्क्रीन असेल तर ती लॉक कशी करायची हे शिकून घ्यावे, कारण पावसाचे थेंब बोटासारखे वागतात आणि पाने स्वतःहून बदलू लागतात.

प्रकाशाचा विचार 200 लाही करावा लागतो. सकाळी सहाला निघालेल्याची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते, म्हणजे शेवटचा तुकडा अंधारात जाऊ शकतो. दिवसा बॅकलाइट बंद किंवा कमी ठेवून बॅटरी राखावी आणि अंधारात काळ्या पार्श्वभूमीची रात्रीची मांडणी वापरावी, म्हणजे डोळे दिपून पुढचा रस्ता दिसेनासा होत नाही. जुन्या उपकरणाची बॅटरी तेरा तास टिकेल असे गृहीत धरू नये. पॉवर बँक आणि योग्य टोकाची केबल सोबत घ्यावी आणि चार्जिंग चालू असताना रेकॉर्डिंग सुरू राहते का, हे घरीच तपासावे.

या मांडणीवर आधीच्या रविवारी निदान चाळीस किलोमीटर चालवावे, हातमोजे घालून, एखादा चढ घेऊन आणि एकदा अंधारात. त्यानंतर काही हलवू नये. आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेटची सूचना आली तर ती तशीच राहू द्यावी. अपडेटनंतर प्रोफाइल मूळ पदावर गेल्याचे मी एका सोबत्याच्या बाबतीत पाहिले आहे.

बीआरएमच्या सकाळी उपकरण मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मिनिटे आधी चालू करावे, प्रोफाइलचे नाव वाचावे आणि मार्ग उघडावा. सुरुवातीचे बटण आयोजकांनी जाहीर केलेल्या अधिकृत वेळेलाच दाबावे. मग आपण स्वतः गर्दीत मागे राहून चार मिनिटांनी निघालो तरी चालेल, कारण गेलेल्या वेळेचा रकाना कार्डावरच्या मुदतीशी तेव्हाच जुळतो. कंट्रोलवर थांबल्यावर रेकॉर्डिंगला हात लावू नये. शेवटच्या ठिकाणी स्वयंसेवकाने कार्डावर वेळ लिहून सही केली की मगच थांबवून फाइल जतन करावी.