इतिहासाचा तास रंगत नाही? किनाऱ्यावरच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

सिंधुदुर्गाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून "सर, ह्यां परीक्षेक येतलां?" असा प्रश्न आला, की समजावं, तास हातातून निसटला. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या वर्गातही हा प्रश्न येतोच. मालवण-देवगड पट्ट्यात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवताना मी स्वतः केलेल्या आणि सहकाऱ्यांच्या तासाला बसून पाहिलेल्या चुका इथे लिहितोय. मुलांना इतिहास आवडत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. 'हे कशावरून?' असं विचारायची संधीच आपण त्यांना देत नाही.

फळ्यावर आधी सन लिहू नका

'२५ नोव्हेंबर १६६४, सिंधुदुर्गाची पायाभरणी' एवढं लिहिलं की मुलं ते उतरवून घेतात आणि पेन खाली ठेवतात. त्याऐवजी किनाऱ्याची एक वाकडीतिकडी रेघ ओढा. वर जंजिरा, खाली मालवण आणि गोवा. जंजिरा हाती येत नाही, समुद्रात सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज सगळे आहेत. तुम्ही किल्ला कुठे बांधाल? माझ्या वर्गात याचं उत्तर अभ्यासात मागे पडणाऱ्या, पण बापाबरोबर होडीवर जाणाऱ्या मुलांनी सगळ्यात आधी दिलं. पाण्याखालचा खडक, म्हणजे खडप कुठे आहे, मोठं जहाज कुठे लागेल, कुठे फुटेल हे त्यांना तोंडपाठ असतं. मग एकजण विचारतो, "पण पियाचां पाणी?" तेव्हा दूधबाव, दहीबाव, साखरबाव या भर समुद्रातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी सांगायच्या. आता सन लिहा. तो लक्षात राहतो.

ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सांगू नका

ही चूक मी कितीतरी वर्षं केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणतात ते ओटे दाखवताना आपण बेधडक सांगतो, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथूनच हेलियम शोधला. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो, त्यामुळे शंका घ्यायचं मनातही आलं नाही. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ऑगस्टात हंय ढग आसतत, मगे सूर्य दिसलो कसो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या बघूया" म्हटलं आणि शोधायला बसलो. १८६८ च्या त्या ग्रहणाचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आजच्या आंध्रातल्या गुंटूरहून पाहिला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव आलं. लॉकियर विजयदुर्गाला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना १८९५ साली हेलियम पृथ्वीवरही सापडला होता.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर सांगितलं नाही. या नोंदी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून गटांना दिल्या आणि म्हटलं, गावातली गोष्ट आणि या चिठ्ठ्या जुळवून बघा. अर्ध्या तासात मुलांनी सांगितलं, की साहेब आला हे खरं, ग्रहण पाहिलं हे खरं, फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली. इथे एक काळजी घ्या: 'गावकरी खोटं सांगतात' असा सूर अजिबात लागू देऊ नका. आठवण कशी तयार होते, हे त्या दिवशी मुलांना दिसलं आणि मलाही. त्या मुलीचा प्रश्न मी आजही दरवर्षी नव्या वर्गाला तिच्याच शब्दांत विचारतो.

सहलीला नुसती फेरी मारून परतू नका

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून सहल दिवाळीनंतरच. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी होडीवाल्याला विचारून घ्या. प्रत्येक गटाला एकच काम द्या. एका गटाने दरवाजा बाहेरून नेमका कधी दिसू लागतो ते होडीतूनच टिपायचं, दुसऱ्याने तटावर उभं राहून शत्रू कुठून येईल ते काढायचं. पाच कामं दिलीत की एकही धड होत नाही.

'तुमच्या काळी कसं होतं?' हा प्रश्न नको

आजी-आजोबांची मुलाखत हा उपक्रम बहुतेक शाळांत होतो आणि बहुतेक वेळा फसतो. आजी म्हणते, "बरां होतां," आणि वही तिथेच मिटते. घरातली एखादी जुनी वस्तू पुढ्यात ठेवून बोलायला सांगा, म्हणजे बोलणं थांबत नाही.

आठवीतल्या एका मुलाने पत्र्याची पेटी आणली होती. कडी तुटलेली, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने आजोबांचं नाव, खाली 'लालबाग, मुंबई'. पेटीवर नाव कशाला, इथून वर्गाने सुरुवात केली. त्याने घरी जाऊन विचारलं. आजी म्हणाली, बोटीत सगळ्यांच्या पेट्या सारख्याच दिसायच्या, शिवाय बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि तिथून पडावातून बंदरावर यायचं. त्या घाईत पेटी बदलली तर वर्षभराचे कपडे गेले. मग बोट कुठून सुटायची, आजोबा कोणत्या गिरणीत होते, मनिऑर्डर किती यायची, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर घरात काय झालं, असे प्रश्न मुलंच काढत गेली. तिसऱ्या दिवशी आणखी चार पेट्या वर्गात आल्या. गिरणगावाचा आख्खा धडा त्या पाच पेट्यांवर शिकवून झाला.

जातींच्या भूमिका मुलांना वाटू नका

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं नाटुकलं बसवताना 'तू सवर्ण हो, तू अस्पृश्य हो' असं म्हणू नका, हे मी कळकळीने सांगतो. आडनावं सगळ्या गावाला ठाऊक असतात. त्या दिवसाची जखम पोरं वर्गाबाहेर घेऊन जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा चार कागद मिसळून द्या: १९२३ चा मुंबई कायदेमंडळातला सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, २० मार्च १९२७ चा सत्याग्रह, १९३७ चा हायकोर्टाचा निकाल. क्रम लावून झाला की एवढंच विचारा: ठराव १९२३ चा, मग पाणी प्यायला १९२७ का उजाडलं? आणि नंतर आणखी दहा वर्षं कोर्टात कशाला? नववीची मुलं यावर जे बोलतात ते शांतपणे ऐका, मध्ये तोंड घालू नका.

नागरिकशास्त्राला फारसं वेगळं काही लागत नाही. घरपट्टीची पावती आणि ग्रामसभेची नोटीस वर्गात आणा, पुस्तक त्यानंतर उघडा.

'पोर्शन संपत नाही' याचं काय?

अडचण खरी आहे. सगळे धडे असे घ्यायला गेलात तर फेब्रुवारीत धावपळ होणार. मी सत्रात तीनच धडे असे घेतो, बाकीचे नेहमीसारखे. ते तीन जूनमध्येच ठरवून मुलांना सांगून ठेवतो, म्हणजे घरातल्या वस्तू शोधायला त्यांना गणपतीची सुट्टी मिळते. तेव्हा चाकरमानीही घरी आलेले असतात, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात, आणि विचारायला माणूस समोर असतो.